बाराव्या टाक्यापासून

"त्या विचारत आहेत की भोक कुठे गेले," सर म्हणाले.

"म्हणावं, शोधा. सापडलं तर आजपासून सुई हातात धरणार नाही," मी म्हणाले.

सरांनी याचं इंग्रजी केलंच नाही. ते जोसलिनबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला समोरचा आता रडणार की ओरडणार, हे आधीच कळतं. माझं लक्ष मात्र कोटाच्या बाहीवर होतं. जोसलिनबाई ती बाही उलटसुलट करत होत्या, दिव्याखाली धरत होत्या, बोटांनी चाचपत होत्या आणि त्यांना काही म्हणजे काही सापडत नव्हतं. मी मनातून चांगलीच फुशारले होते, हे कबूल करते. इतक्या बारकाईनं माझं काम आजवर कुणी तपासलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वीचा डिसेंबर. डाना प्यो नावाच्या गायिकेचा जगभर दौरा चालला होता. आईवडील कोरियातले, हिचा जन्म अमेरिकेतला. आधी चार मुलींच्या बँडमध्ये गायची, मग वेगळी झाली, आणि हा तिचा पहिला एकटीचा दौरा. एकतीस शहरं ठरली होती आणि एकोणिसाव्या नंबरला मुंबई. म्हणायला मुंबई, मैदान आमच्या पनवेलच्या अलीकडे, खारघरच्या बाजूला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं, की सरांची जुनी विद्यार्थिनी मृण्मयी कार्यक्रमाची व्यवस्था बघतेय आणि तिला एका दिवसापुरती सुई चालवणारी बाई हवी आहे.

"काकू, प्रत्येक शहरात त्या तिथलंच एक माणूस घेतात," ती दुकानात येऊन म्हणाली होती. "मणी निघतात, चेन अडकते, शिवण उसवते. तुमच्यासारखा हात मला दुसरा माहीत नाही."

"अगं, पण मला इंग्रजी कुठं येतं?"

"मग सरांना आणा ना."

सर म्हणजे आमचे हे, पतंगे सर. अख्खं पनवेल त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. समोर 'अहो', पाठीमागे 'सर'. निवृत्त झाल्यापासून त्यांचं इंग्रजी घरात गंजत पडलं होतं. दुभाषा म्हणून बोलावणं आलंय म्हटल्यावर त्यांनी आदल्या रात्रीच बूट पॉलिश केले. गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, ते पुढे आठवडाभर दूध आणायला जातानाही त्यांच्या गळ्यात होतं.

आता माझ्याबद्दल. आम्ही शिंपी, पण नवे कपडे शिवणारे नव्हे. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, रफूचं दुकान होतं आणि ते मी चालवते. उरण नाक्यापाशी, कपाटाएवढं. सिगारेटनं जळालेले सूट, कसर लागलेल्या शाली, खिळ्यात अडकून फाटलेल्या पँटी. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे काढायचे, आधी उभे ओवायचे, मग त्यातून आडवे विणायचे. जमलं तर भोक होतं की नव्हतं, हे मालकालाही सांगता येत नाही. या कामानं मला एक खोड लावून ठेवली आहे. फाटलेलं दिसलं की मला राहवत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारणीच्या पदराला भोक दिसलं, तर माझा घास तोंडात फिरत राहतो.

जोसलिनबाई या गायिकेच्या कपड्यांच्या मुख्य. साठीच्या, सहा फूट उंच, मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेली. सकाळी नऊला त्यांनी लाल फीत बांधलेले चार कपडे माझ्यासमोर ठेवले आणि काहीतरी सांगितलं.

"जे जे फाटलेले असेल ते ते तीन वाजेपर्यंत नीट व्हावे, असे त्या म्हणतात," सर म्हणाले. इंग्रजीतून मराठीत येताना सर नेहमी पाठ्यपुस्तकातूनच येतात.

ते चारही कपडे साडेअकराला झाले. जोसलिनबाई मंचावर गेल्या होत्या, तिकडून ढोल आपटल्यासारखे आवाज येत होते. सर खुर्चीत बसल्या बसल्या घोरत होते. आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तो कोट होता.

पुरुषाचा कोट. राखाडी, जाड लोकरीचा, चांगल्या धिप्पाड माणसाच्या मापाचा. डाव्या बाहीला, कोपराशी, वीतभर फाटलेला. मी आधी दुसरीकडे बघितलं. मग सुया मोजल्या. मग उठून पाणी प्यायले. शेवटी कोट हातात घेतलाच. बघते तर कुणीतरी सुरुवात केलेली. फाटलेल्या भागाच्या वरच्या टोकाला अकरा टाके घातलेले आणि पुढे तसंच सोडून दिलेलं. मला वाटलं, जोसलिनबाईंनीच हाती घेतलं असणार आणि मध्येच त्यांना बोलावणं आलं असणार. एकटी बाई कुठं कुठं पुरी पडणार! मी चष्मा पुसला आणि बाराव्या टाक्यापासून पुढे निघाले.

दोन तासांवर वेळ लागला. कडेला पिंजारून सुटलेले धागे होते, तेही कात्रीनं साफ केले. झाल्यावर बाहीवर ओला रुमाल ठेवून इस्त्री फिरवली आणि कोट होता तसा खुर्चीवर ठेवला. शाबासकीची वाट बघत बसले.

ती अशी मिळाली.

जोसलिनबाई आता इस्त्रीच्या टेबलावरच बसल्या होत्या. बराच वेळ बोलत होत्या. सर मान डोलवत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"काय म्हणतात?"

"हे भोक अठरा शहरांत गाजलेले आहे, असे त्या म्हणतात."

"भोक?"

"कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात ती मुलगी हा कोट घालते. गाता गाता डावा हात बाहीत आत ओढून घेते आणि त्या भोकातून बाहेर काढते. मग समोरचे पंचवीस हजार लोक आपापल्या भोकातून हात बाहेर काढतात, असे त्या म्हणतात."

"त्यांना कुठून आली भोकं?"

"ते घरून पाडून आणतात."

मी खाली बसले. जमिनीवरच.

पुढचं सरांनी हळूहळू सांगितलं. या कोटाला कुणी हात लावायचा नाही, असा त्या मुलीचा कडक नियम. धुवायचा नाही, इस्त्री करायची नाही. विमानातसुद्धा तो सामानात न टाकता जोसलिनबाई मांडीवर घेऊन बसतात. आज दमट हवेत कुबट वास यायला नको म्हणून तासभर बाहेर काढला, तेवढीच काय ती त्यांची चूक. साडेचारला डाना कपडे घालून बघायला येणार होती. सहाला कार्यक्रम. तिला हे दिसलं तर जोसलिनबाईंची अकरा वर्षांची नोकरी जाणार, मृण्मयीचं नाव बदनाम होणार, आणि शेवटच्या गाण्यात हात कुठून बाहेर काढायचा, हा प्रश्न होताच.

"उसवते," मी म्हणाले.

हे म्हणताना मला काय झालं, ते फक्त रफूवाल्यालाच कळेल. पण खरी अडचण पुढेच होती. "उसवलं तरी ते पहिल्यासारखं दिसणार नाही हो. कडांचे धागे मी कापलेत. ते कसे लोंबत होते, कुठं जास्त, कुठं कमी, ते बघावं लागेल. फोटो आहे का, विचारा."

जोसलिनबाईंच्या फोनवरचे सगळे फोटो लांबून काढलेले. कोट दिसत होता, धागे नव्हते. सरांनी घसा साफ केला.

"मूळ प्रत नसेल तर नकला तपासाव्या," ते म्हणाले. "बाहेर पंचवीस हजार नकला उभ्या असतील."

आम्ही दोघं फाटकापाशी गेलो. अडीच वाजले होते, रांग एव्हाना मैदानाला वळसा घालून रस्त्यापर्यंत पोचली होती, आणि त्या उन्हात पोरापोरींनी कोट घातले होते. डिसेंबर असला म्हणून काय झालं, खारघरचंच ऊन ते. बापांचे कोट, काकांचे कोट, भाड्यानं आणलेले वाटावेत असे बँडवाल्यांचे लाल कोट. आणि प्रत्येकाची डावी बाही कोपराशी फाडलेली. कुणी कात्रीनं सरळ रेषेत कापलेली, कुणी ब्लेडनं, कुणी चक्क गोल भोक केलेलं. रक्तपात बघितल्यासारखं वाटलं मला.

सर मात्र रंगात आले. ओळखपत्र छातीवर ठळक दिसेल असं करून ते एकेकाची बाही तपासत चालले, वह्या तपासाव्या तशी.

"हे चूक आहे. मूळ भोक उभं आहे, तुझं आडवं झालंय," ते एका मुलाला म्हणाले. तो मुलगा इतका खजील झाला की मला त्याची दया आली.

रांगेत एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, पर्स पोटाशी घट्ट धरून. शेजारी त्यांची कॉलेजातली मुलगी, अंगात काळाभोर झोकदार कोट.

"तुम्ही आतल्या का हो?" बाईंनी विचारलं. "बघा ना हिनं काय केलंय. हिच्या बाबांचा लग्नातला कोट! एकदाच घातलेला. त्यांना अजून माहीतही नाही."

"आई, गप गं," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "डानाचा कोट जवळून बघितलात तुम्ही? खरंच?"

"बघितला," मी म्हणाले.

"कसं असेल ना तिचं! कुणी म्हणतं तिच्या पहिल्या बॉयफ्रेंडचा आहे. कुणी म्हणतं तो महागडा कोट फाटकाच विकत मिळतो. ती कुणालाच सांगत नाही." मुलीनं फोन पुढे केला. "हा बघा, सगळ्यात जवळून काढलेला फोटो हाच आहे."

त्या फोटोत धागे दिसत होते. पण मी धागे बघितलेच नाहीत. वरच्या टोकाचे ते अकरा टाके फोटोतही होते, आणि फोटो चार वर्षांपूर्वीचा, ती बँडमध्ये होती तेव्हाचा, असं मुलगी म्हणाली. म्हणजे ते जोसलिनबाईंनी सकाळी हाती घेतलेलं काम नव्हतं. कुणीतरी फार पूर्वी सुरू करून सोडलेलं होतं, आणि तसंच जपून ठेवलेलं होतं.

"सर, चला," मी म्हणाले. समोर 'सर' म्हटलं, इतकी मी गडबडले होते.

निघता निघता त्या बाईंनी मागून विचारलं, "अहो, ही बाही नीट होईल का पण?"

"उरण नाका, पतंगे रफू," मी न वळता म्हणाले. पाय घाईत असले तरी तोंडाला धंद्याची सवय असते.

आत आलो. मी कोट मांडीवर घेतला, शेवटच्या टाक्याखाली सुई सरकवली, तोच दार उघडलं.

सांगितलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी डाना प्यो दारात उभी होती. मोठमोठ्या फलकांवर ती मला सात फूट उंच वाटली होती. ही माझ्या खांद्याला लागेल एवढी. केस ओले, पायात रबरी चपला, हातात सोललेलं केळं. जोसलिनबाई उभ्या राहिल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. माझ्यावर ढकलतील असं मला वाटलं होतं. सर नंतर म्हणाले, त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला होता.

डानानं केळं टेबलावर ठेवलं, हात पँटला पुसले आणि कोट माझ्या मांडीवरून उचलला.

पुढे तिनं जे केलं त्यानं मी सावध झाले. कोणीही माणूस बाही वरून बघेल. तिनं बाही सरळ उलटी केली. माल आतून बघायचा असतो, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. ते फक्त आमच्या धंद्यातल्यांना माहीत असतं. तिनं अस्तर बाजूला सारलं आणि वरच्या टोकापाशी नखानं मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. अकराला नख थांबलं. तिनं डोळे मिटले आणि श्वास सोडला.

मग ती माझ्याकडे वळून बोलली. आवाज अगदी बारीक होता.

"हे अकरा टाके तुम्ही का काढले नाहीत, असे ती विचारते," सर म्हणाले.

"का काढीन?" मी म्हणाले. "दुसऱ्याच्या हाताचा टाका आम्ही उसवत नाही. अण्णांनी पहिल्या दिवशी तेच शिकवलं. कुणी काम अर्धं सोडलं असेल तर तो थांबला तिथून पुढे जायचं. त्याचं त्याच्यापाशी, आपलं आपल्यापाशी. तसे ते काढले असते तर मला सोपं गेलं असतं. जुन्या-नव्याचा सांधा जुळवायलाच अर्धा तास गेला माझा."

सरांनी सांगितलं. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं.

"तो हात कुणाचा असेल असे तुम्हाला वाटते, असे ती म्हणते."

मी चष्मा सारखा केला. आता चूक झालीच होती, तर निदान माहितीची गोष्ट तरी नीट सांगावी. "डावखुऱ्या बाईचा. आपण उजवीकडून डावीकडे जातो, हे टाके उलटे चाललेत. शिकलेला हात आहे, हौशी नाही. पहिले आठ बघा, एका मापाचे. शेवटचे तीन लांब पडलेत. दमली होती ती. दिसायचं कमी झालं असेल, नाहीतर हातात जोर नसेल. पण टाकून दिलेलं नाही हं. शेवटचा टाका मोकळा सोडलाय, गाठ मारलेली नाही. तिला परत येऊन पुढे करायचं होतं."

सर बोलायला लागले आणि मध्येच अडखळले. चौतीस वर्षांत वर्गासमोर न अडखळलेला माणूस. पण त्यांनी पूर्ण केलं.

डाना माझ्यासमोर जमिनीवर बसली. मांडी घालून, कोट मांडीवर. बोलत राहिली. थोडं थांबे, सर सांगत, की पुन्हा बोले. 'असे ती म्हणते' हे सर केव्हा म्हणायचे थांबले, ते मला कळलंच नाही.

"आईचं दुकान होतं, लॉस एंजेलिसमध्ये. कपडे दुरुस्तीचं. मी काउंटरखाली बसून अभ्यास केला, तिथंच गायला शिकले. हा एका गिऱ्हाइकाचा कोट. आई आजारी होती, तरी घरी घेऊन आली. पलंगावर बसून करत होती. म्हणाली, बाकीचं उद्या. सुई कोटातच होती." सर थांबले. "गिऱ्हाईक महिन्यानं आलं. मी सांगितलं, कोट हरवला."

"खोटं बोललीस?" मी विचारलं.

सरांनी विचारलं. ती हसली आणि नाक पुसलं. "आयुष्यात गिऱ्हाइकाशी एकदाच."

"मग इतकी वर्षं तसाच का ठेवला?"

"तीन ठिकाणी दाखवला. मोठमोठे कारागीर. सगळे म्हणाले, हे आधीचे काढावे लागतील, त्याशिवाय चांगलं दिसणार नाही. म्हणून मग कुणालाच हात लावू दिला नाही. मंचावर घालते, म्हणजे निदान डोळ्यांसमोर राहतो."

"अर्ध्या तासात उसवते," मी म्हणाले. "माझे सगळे काढते. आईचे होते तसे राहतील. शपथ."

तिनं कोट अंगात घातला. त्यात ती बुडूनच गेली. डावा हात आत ओढला आणि कोपराशी नेला. आतून बोटं भोक शोधत होती, गोणीत मांजराचं पिल्लू फिरावं तशी. जोसलिनबाईंनी तोंडावर हात ठेवला. डानाची बोटं थांबली. ती एकदम खळखळून हसली आणि हसता हसता रडली, दोन्ही एकदम, लाज न बाळगता.

"उसवायचं नाही," सर म्हणाले. "आईला झालेलं काम उसवलेलं चालायचं नाही. फार चिडायची."

मी सुटकेचा श्वास सोडतेय तोच तिनं कोट काढला, रफूचं खालचं टोक दोन बोटांत धरून ताणलं, तिरपं करून बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"काय झालं?"

सरांनी माझी नजर चुकवली. "ती म्हणते, काम अतिशय सुंदर आहे."

"आणि?"

"या कोपऱ्यात ताण जरा जास्त झालाय. चुणी येतेय. आईनं हे पास केलं नसतं, असे ती म्हणते." पाठ्यपुस्तक परत आलं होतं, म्हणजे सर घाबरले होते.

मी कोट ओढूनच घेतला. चष्मा वर केला, खाली केला. चुणी होती. तांदळाच्या दाण्याएवढी, पण होती. शेवटाला आलं की मला घाई सुटते, अण्णा त्यावरून माझ्या हातावर पट्टी मारायचे. सगळ्या पनवेलात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते, आणि केळं खाणाऱ्या या पोरीनं एका नजरेत पकडलं.

"आहे चुणी," मी म्हणाले. कान गरम झाले होते.

तिनं हात पुढे केला. मी सुई दिली. तिनं धागा एका झटक्यात ओवला, बघितलंसुद्धा नाही, आणि माझे शेवटचे चार टाके उसवायला लागली. इतर कुणी हे केलं असतं तर मी तिथंच भांडले असते. जिनं माझ्यासमोर माझं काम उसवावं, अशी बाई तोवर जन्माला आलेली नव्हती. पण मी बघत राहिले. कारण सुई तिच्या डाव्या हातात होती.

एक, दोन, तीन, चार. उलटे चाललेले, एका मापाचे. मी बाहीचं वरचं टोक ओढून त्यांच्याशेजारी आणलं. आईचे पहिले आठ आणि हिचे हे चार कुणी माझ्यापुढे वेगवेगळे ठेवले असते, तर मी बेधडक सांगितलं असतं, हात एकच आहे.

तिनं गाठ मारली आणि दातानं धागा तोडला. मी असं तोडलं असतं तर अण्णा रागावले असते.

"हे कुणाला सांगू नका, असे ती म्हणते," सर म्हणाले आणि रुमाल काढून चष्म्याची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

संध्याकाळी आम्हाला मंचाच्या कडेला, पडद्याआड उभं राहायला जागा मिळाली. सव्वाआठच्या सुमाराला शेवटचं गाणं आलं. गाणं मला काही कळलं नाही, आवाज मात्र गोड होता. जोसलिनबाईंनी कोट चढवला. डाना पुढे गेली, डावा हात बाहीत ओढला, आणि समोर अंधारातून पंचवीस हजार हात भोकातून बाहेर आले. लाल, काळे, करडे कोट आणि त्यातून हलणारी बोटं. तिचा हात मात्र येईना. कोपराशी नुसता उंचवटा हलत होता. आधी लोक हसले. मग कुजबुज झाली. मग ती गाता गाता थांबली, कॅमेऱ्याजवळ गेली आणि कोपर उचलून धरलं.

मागच्या चाळीस फुटी पडद्यावर माझं रफू होतं. देवाशपथ सांगते, मीही भोक शोधलं. सापडलं नाही.

ती माइकमध्ये दोनच शब्द बोलली.

"झाला शिवून," सर म्हणाले.

मग पंचवीस हजार माणसांतून जो गलका उठला, त्यात काय काय होतं ते मला सांगता येत नाही. पुढचे आठ दिवस मृण्मयी फोन करून नवनवीन तर्क सांगायची. डानाचं लग्न ठरलंय. नवा अल्बम येतोय. ती संन्यास घेतेय. सर प्रत्येक वेळी "असं का?" म्हणायचे आणि फोन ठेवला की माझ्याकडे बघायचे. आम्ही दोघांनी सहा वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. गेल्या वर्षी तिनं स्वतःच एका मुलाखतीत आईचं सांगून टाकलं, म्हणून आज मी बोलतेय. त्यात ती म्हणाली, भारतातल्या एका बाईनं कोट पूर्ण केला. ते तितकंसं खरं नाही. मी फक्त मधलं केलं.

कार्यक्रमानंतरच्या सोमवारी दुकान उघडलं तर पायरीवर त्या रांगेतल्या बाई. शेजारी मुलगी, हातात पिशवी, पिशवीत बाबांचा लग्नातला कोट. मुलीचे डोळे सुजलेले.

"बाबांना कळलं," बाई म्हणाल्या. "काहीच बोलले नाहीत. नुसता कपाटात ठेवून दिला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं."

"डानानं शिवला ना," मुलगी खालमानेनं म्हणाली. "मलाही शिवून द्या, काकू. दिसायला नको."

तो कोट मला तीन दिवस पुरला. कात्रीनं कापलेलं सगळ्यात वाईट, धाग्याला धागा मिळत नाही. तिसऱ्या दिवशी ती एकटीच न्यायला आली. खालच्या टोकाला चार टाक्यांची जागा मी मोकळी ठेवली होती. मी सुई तिच्या हातात दिली.

"मला येत नाही काकू!"

"मग शीक. फाडायला आलं ना?"

घामाघूम झाली पोरगी. चार टाक्यांना अर्धा तास लावला. एक लांब, एक आखूड, एक तिरपा आणि चौथा तर भलत्याच दिशेला गेलेला. करून झाल्यावर तिनं कोट माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "फारच वाईट दिसतंय ना? तुम्ही उसवून नीट करा."

पुढच्या वर्षी तिच्या बाबांनी भाच्याच्या लग्नात तो कोट घातला. सरांना आणि मलाही त्यांनी बोलावलं होतं. पंगतीत ते माझ्या समोरच बसले होते. हात पुढे केला की कोपराशी ते चार टाके लांबूनही दिसत होते. कुणी विचारलं की ते बाही आणखी पुढे करून दाखवत होते, पोरीनं घातलेत म्हणून.

माझा घास तोंडात फिरला नाही. मी पोटभर जेवले.

कारण त्या दिवशी दुकानात मी चष्मा वर केला होता, ते चार टाके नीट बघितले होते, आणि कोट घडी करून पिशवीत घातला होता.

"उसवून नीट करा ना," ती पुन्हा म्हणाली होती.

"नाही गं बाळा," मी म्हणाले होते. "दुसऱ्याच्या हाताचा टाका आम्ही उसवत नाही."